पायाशी ठेवलेला स्पीकर

२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाले, तुमचा रक्तदाब मिठामुळे वाढत नाही, स्वभावामुळे वाढतो. रोज ज्याचा संताप येतो ते एका वहीत लिहून काढा आणि कुणाला दाखवू नका. बायकोने त्याच दिवशी दोनशे पानांची वही आणली. म्हणाली, "अहो, पुरली नाही तर सांगा, दुसरी आणते."

तर लिहितो. आज माइक धुतले, सहाच्या सहा. मी एका छोट्या हॉलमध्ये आवाजाचं मशीन सांभाळतो, म्हणजे मिक्सरवर बसतो. दर रविवारी दुपारी चारला गावातले कुठले कुठले बँड येऊन वाजवतात. गाणारे माइक ओठाला लावून तासभर थुंकी उडवतात आणि टाळ्या घेऊन घरी जातात. मग जाळी उघडून आतला स्पंज मी काढायचा, साबणाच्या पाण्यात घालायचा, टूथब्रशने घासायचा. आजच्या स्पंजाला कच्च्या कांद्याचा वास होता. शी! दुपारचा चहा वर येतो की काय असं झालं.

आजचा बँड 'गळका नळ'. ड्रमवाल्याने दुसऱ्याच गाण्याला अंगातला शर्ट काढून भिरकावला, तो माझ्या मिक्सरवर येऊन पडला. चिंब. मी तो दोन पेन्सिलींनी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कार्यक्रमानंतर तो शोधत आला. मी म्हटलं, बघ बाबा, इथेच कुठेतरी असेल.

आणि गाणारा दर गाण्यामागे मला बोट वर करून दाखवत होता: मॉनिटर वाढवा. डॉक्टर, तुम्ही हे वाचणार नाहीच, तरी सांगतो. स्टेजवर गाणाऱ्याच्या पायाशी एक स्पीकर असतो, त्याच्याकडे तोंड केलेला. तो लोकांसाठी नसतो. ड्रमच्या दणदणाटात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून असतो. त्याला मॉनिटर म्हणतात, आणि त्याचं बटण माझ्याकडे असतं. या पठ्ठ्याला आठवर ठेवून दिला होता, तरी याचं रडगाणं संपेना. नाचता येईना अंगण वाकडं. तोंडावर म्हणालोही तसं. तो हसला. यांना लाज नसते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज 'उसनी साखर'. चौघे. गात नाहीत, कुजबुजतात. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, आठवडाभर पोट साफ न झाल्यासारखा चेहरा करून कुजबुजतात. पुढच्या रांगेतल्या मुली त्यावर माना डोलवत होत्या.

नंतर दाढी येऊन विचारतो, "कसे वाटले?" दाढी म्हणजे हॉलचा मालक. चोवीस वर्षांपूर्वी आमचा 'कोरी पाटी' नावाचा बँड होता, त्यात हा गिटार वाजवायचा आणि मी गायचो. तेव्हा त्याला दाढी नव्हती, आता दाढीच जास्त आणि माणूस कमी.

मी म्हटलं, "झोप छान लागली."

"तुला गेल्या दहा वर्षांत एक तरी बँड आवडलाय का रे?"

"आवडण्यासारखं काय होतं?"

"लोक येतात ते काय वेडे आहेत?"

"खाली फरशी बघ," मी म्हटलं. "सरबत सांडून गेलेत, चपला चिकटतात. लोकांचं मला सांगू नकोस."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नवा बँड होता. नाव 'लिफ्ट बंद आहे'. नाव वाचूनच डोकं उठलं. चौघं जण: गिटारवर शाळेतला विज्ञानाचा मास्तर, ड्रमवर त्याचा मेहुणा, ट्रम्पेटवर टपाल खात्यातला एक जाडा गृहस्थ, आणि गायला एक मुलगी. ती दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करते म्हणे. नखात प्लास्टर अडकलेलं होतं. मी मनात तिचं नाव कवळीवाली ठेवून टाकलं.

आल्या आल्या तिने पिशवीतून कापड काढून माइक पुसला. मी म्हटलं, "धुतलेला आहे." ती म्हणाली, "माहीत आहे काका, वास येतोय साबणाचा. पण आमच्याकडे सवयच लागते. दुसऱ्याच्या तोंडातलं काहीही हातात घेण्याआधी पुसायचं." मग गाऊन झाल्यावर परत पुसला. दहा वर्षांत पहिला माणूस.

गाण्याबद्दल लिहायचं म्हटलं तर

(वरच्या चार ओळी खोडल्या. गिचमिड झाली.)

गाणं एका इमारतीच्या जिन्याबद्दल होतं. लिफ्ट बंद आहे आणि माणसं सामान घेऊन चढतायत, कोण गादी, कोण फुलदाणी, कोण पडलेला म्हातारा. एवढंच. ती खालच्या आवाजात गायली, जिना चढताना माणूस बोलतो तशी, दमून. तिसऱ्या मजल्यावर आवाज एकदम वर नेला. माझ्या हातावर काटा आला. बाहीचं बटण लावून टाकलं. वयात आलेल्या पोरासारखं मिक्सरमागे बसून काटा काय येतो, शी!

दुपारची गोळी घ्यायची राहिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बायको म्हणते, "कुठलं गाणं म्हणताय?"

"कुठलंच नाही."

"मग दात घासताना तोंडातून फेस का उडतोय आरशावर?"

आरसा पुसून घेतला.

२ मार्च, रविवार

लिफ्टवाले परत आले होते. मी दोन तास आधी जाऊन सगळ्या वायरी बदलल्या. बदलायला झाल्याच होत्या. कवळीवालीला चार नंबरचा माइक दिला, तो सगळ्यांत चांगला. तिला म्हणून नाही, तो धुतलेला होता म्हणून.

सगळा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मशीन तपासायला बरं पडतं. घरी आल्यावर चार वेळा तपासलं.

दाढीने विचारलं, "आवडतात ना?" मी म्हटलं, "ट्रम्पेटवाला दम खातो मधेच." तो आपला दाढीतल्या दाढीत हसत उभा. त्याच्या दाढीत दुपारच्या जेवणाचा कण होता, मी सांगितला नाही.

रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोय. घसा खवखवतो. येत्या तेवीस तारखेला हॉलला दहा वर्षं होतात, आणि दाढी 'कोरी पाटी'च्या सगळ्यांना बोलावणार आहे असं उडत उडत कानावर आलंय. त्याचा नि गुळण्यांचा काही संबंध नाही.

११ मार्च, मंगळवार

दाढीने आज चहाला बोलावलं. कप त्याने बहुतेक गेल्या वर्षी विसळला असावा. म्हणाला, "तेवीसला आपण सगळे वाजवू. शेवटी तुझं टाकीचं गाणं."

मी म्हटलं, "बघू. आवाज आता पूर्वीचा राहिला नाही." असं म्हणायचं असतं.

तो म्हणाला, "तेच. म्हणून म्हटलं, ते गाणं लिफ्टवाल्यांच्या त्या गाणाऱ्या पोरीला देऊ. तू मिक्सरवर हवासच, तुझ्यासारखा कान कुणाचा नाही. तुझी काही हरकत?"

"छे! उत्तम," मी म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक. चहा पिऊन टाकला, कपाच्या तळाशी गाळ होता तोही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं गाणं मी एकविसाव्या वर्षी लिहिलं. ते ऐकून बायकोने मला होकार दिला होता. शेवटचं म्हटलं तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. मोठा कार्यक्रम होता, परका हॉल, परकं मशीन. स्टेजवर मला माझा आवाजच ऐकू येईना. मी जोर लावला, आणखी जोर लावला, आणि वर गेल्यावर सूर कुठल्या कुठे गेला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दिवसापासून माइक तोंडाला लावला नाही. नंतर मशीनवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मशीन ठीक होतं. असणारच. दोष माझाच.

झालं गेलं गंगेला मिळालं. ती म्हणू दे.

१५ मार्च, शनिवार

तालीम झाली. 'कोरी पाटी'चे सगळे पोट सुटलेले, टक्कल पडलेले. एकाला गिटार मांडीवर मावेना. बायकोही हौसेने आली होती.

कवळीवालीने गाणं म्हटलं. मी दुसऱ्या कडव्याच्या आधी नेहमी घाई करायचो, तिथे ती थांबली. नुसती थांबली, श्वास घेतला, मग उतरली. चोवीस वर्षं ते गाणं माझ्या खिशात होतं आणि तिथे थांबायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

नंतर येऊन विचारते, "काका, काही चुकलं असेल तर सांगा हं. तुमचं गाणं आहे."

"ठीक आहे," मी म्हटलं.

वाटेत बायको म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी गाणाऱ्यावर भाळले. आज पहिल्यांदा कळलं की गाण्यातच काहीतरी होतं." तिला चांगलंच म्हणायचं होतं. मी भाजी घ्यायला थांबलो आणि भाजीवाल्याशी विनाकारण भांडलो. सगळ्या टोमॅटोंना त्याने नख लावलेलं होतं.

२३ मार्च, रविवार

मशीन ठीक चाललं.

टाकीच्या गाण्याला मॉनिटर थोडा कमी ठेवला. माणसं जास्त होती, वाद्यं जास्त होती, मॉनिटर शिट्टी मारायला लागला असता. काळजी म्हणून केलं. मिक्सरवाल्याला असे निर्णय घ्यावे लागतात. आठवर होता, तीनवर आणला.

पहिलं कडवं ठीक. दुसऱ्यानंतर तिने बोट वर केलं असं म्हणतात. मी तेव्हा खाली वायर बघत होतो. वरच्या पट्टीत ती घसरली. चांगलीच घसरली. तिसऱ्या रांगेत एक जण हसला, त्याचं पाहून आणखी दोघं. तिने गाणं सोडलं नाही, शेवटपर्यंत म्हटलं. तोंड पांढरं पडलं होतं.

सगळे गेल्यावर आली. माइक पुसून माझ्या हातात दिला.

"काका, एक विचारू? नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणता ना, तसं माझं नको व्हायला, म्हणून घाबरत विचारतेय. मॉनिटर ठीक होता ना?"

"ठीक होता."

"म्हणजे मीच."

"वरच्या पट्टीत घसरलीस," मी म्हटलं. "होतं असं." यात खोटं काय आहे? घसरली हे सगळ्या हॉलने ऐकलं.

ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. बाकीचे उगाच छान झालं छान झालं म्हणतायत."

आज स्पंज धुवायची गरज नव्हती. तरी धुतला.

२४ मार्च, सोमवार

रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणतात, वही लिहिता ना? लिहितो म्हटलं. सगळं लिहिता ना? त्यांना काय करायच्यात नसत्या चौकशा.

३० मार्च, रविवार

आज एक बाप आणि त्याची दोन मुलं. तिघांनी मिळून एकच रडगाणं तीन पट्ट्यांत गायलं. बाप मधेच रुमालात खाकरून परत गायला लागायचा. हे काय गाणं झालं, डोंबल! मी लिफ्टवाल्यांची तारीख पाहिली. पुढच्या रविवारी आहे.

एका माणसाने येऊन विचारलं, ती तेवीस तारखेची मुलगी परत गाणार आहे का, नसेल तर बरं. त्याच्या हातातली भेळेच्या पुडीसारखी गुंडाळलेली कार्यक्रमपत्रिका घेऊन त्याच्याच तोंडात कोंबावी असं वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या चपलेला काहीतरी लागलंय." काही लागलेलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

तिघेच आले. तिच्या ओळी ट्रम्पेटवर वाजवल्या. जिना तोच, पण चढणारं कुणी नाही. लोक मोबाइल बघत होते.

मी मास्तरला विचारलं, "ती कुठाय?"

"गाणं सोडलं तिने."

"सोडलं म्हणजे? एका दिवसात कुणी गाणं सोडतं का?"

"आम्ही खूप समजावलं हो. म्हटलं, एखादा दिवस असतो वाईट. तर म्हणाली, मिक्सरवाल्या काकांचा कान खोटं बोलत नाही, मशीन ठीक होतं, ते घसरलीस म्हणाले म्हणजे घसरले. आणि घसरतेय हे मला कळलंसुद्धा नाही, म्हणजे माझ्या कानातच दोष आहे. आता कारखान्यातही गुणगुणत नाही म्हणे. शेजारचीने विचारलं, बरं नाही का?"

"मग तुमचं काय पुढे?"

"सत्तावीसची तारीख घेतलीय, तेवढी करतो. मग बंद. आमच्या बँडात गाणं तिचंच होतं."

मी म्हटलं, दुसरी मिळेल. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला वाटलं असेल, काय दगड माणूस आहे.

दहा वर्षांत एक बँड आवडला. हो, आवडला. लिहून टाकलं एकदाचं.

९ एप्रिल, बुधवार

पेन ड्राइव्ह ऐकत बसलो होतो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, त्या दिवशी मॉनिटर ठीक होता का?"

मी असा ओरडलो की शेजाऱ्यांनी खिडकी लावली. मशीनमधलं ओ की ठो कळत नाही आणि विचारते मॉनिटर ठीक होता का! तुला कुणी सांगितलं? काय सांगितलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, हे माझं मलाच ओरडता ओरडता कळलं, पण गाडी थांबेना.

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, "मला विचारायचं नव्हतं. पण तिचा हात वर होता. कितीतरी वेळ होता. मी तिच्याकडे नव्हते बघत, तुमच्याकडे बघत होते. तुम्ही वायर नव्हता बघत."

तिने जेवण वाढून झाकून ठेवलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन निजली.

तेवीस तारखेचं पान काढून वाचलं. काळजी म्हणून केलं! आपलंच अक्षर वाचून माणसाला मळमळतं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. बोट वर केलं 'असं म्हणतात'! कोण म्हणतात? मीच पाहिलं. बोट वर होतं, आणि मला तेव्हा बरं वाटत होतं. आत कुठेतरी गार वाटत होतं, खरूज खाजवल्यावर वाटतं तसं. हे लिहायचं राहिलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

कवळ्यांच्या कारखान्यात गेलो. लांब टेबल, त्यावर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर कुणाकुणाचं नाव चिकटवलेलं. चेहरा नसलेली तोंडं. गुलाबी मेणाचा वास. ती टोकाला बसून एक दाढ कानशीने घासत होती.

"काका! तुम्ही? दात करायचेत का?"

"नाही. उद्या अकराला हॉलवर येशील का? काही दाखवायचंय."

"गाण्याचं असेल तर नको. मी सोडलं ते."

"मशीनचं आहे."

"मला काय करायचंय मशीनचं?"

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. शेजारी तीन बायका कान टवकारून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जीभ रेटेना. म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे. परत त्रास देणार नाही." तिला माझी दया आली असावी. म्हणाली, बरं, तुम्ही एवढे आलात तर येते. मला स्टुलावर बसवून पाणी दिलं, आधी पेला पुसून.

१३ एप्रिल, रविवार

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

हॉल रिकामा होता. दाढीला मीच एकनंतर ये म्हणून सांगितलं होतं. ती आली, पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली. तेवीस तारखेलाही कार्यक्रम उतरवून घेतला होता, त्यातलं नुसतं वाद्यांचं रेकॉर्डिंग मी मशीनला जोडलं, ड्रम गिटार सगळं, त्या दिवशीइतक्याच आवाजात. तिला स्टेजवर जायला सांगितलं.

"मी गाणार नाही काका."

"चार ओळी. मग जा."

ती गेली. मॉनिटर आठवर ठेवला. तिने पडल्या आवाजात सुरुवात केली, आणि वरच्या पट्टीत अलगद पोचली. अशी पोचली की तिचं तिलाच नवल वाटलं. थांबून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "आता परत." आणि तीनवर आणला. मिक्सर मी स्टेजच्या जवळ ओढून घेतला होता, माझा हात तिला दिसत होता. तिने म्हटलं. दुसऱ्या ओळीला जोर लावायला लागली. मान ताणली. वर गेली आणि घसरली, तिथेच, त्याच शब्दावर.

वाद्यं चालूच होती. मी ती बंद केली.

"त्या दिवशी कितीवर होतं?" तिने विचारलं.

"तीनवर."

"चुकून राहिलं?"

चुकून म्हणालो असतो तर भागलं असतं. तिच्या तोंडावर दिसत होतं, तिलाही तेच ऐकायचं होतं. शब्द जिभेवर आला होता.

"नाही. आठवर होतं. मी खाली केलं."

"का?"

"माझ्यापेक्षा चांगलं म्हणत होतीस."

तिने माइक स्टँडला लावला. मग म्हणाली, "मी तुम्हाला येऊन विचारलं होतं. तुमच्या तोंडाकडे बघून विचारलं होतं."

"हो."

"तीन आठवडे मी कान तपासून घ्यायच्या गोष्टी करतेय. परवा तपासून आलेसुद्धा. तो माणूस म्हणाला, कान ठणठणीत आहेत. मला वाटलं त्याचंच मशीन बिघडलंय." तिचा आवाज चिरकला. "किळस येते हो तुमची. दुसऱ्याच्या तोंडातलं रोज हाताळते मी, मला सहसा येत नाही."

मी मान खाली घातली. ती आता जाईल, दार आपटेल असं वाटलं. हॉलचं दार जड आहे, आपटत नाही, हासुद्धा विचार आला.

ती गेली नाही. पर्स खाली ठेवली. म्हणाली, "तीनवरच राहू दे. लावा परत."

"कशाला?"

"तुमच्यासारखे आणखी भेटतील. लावा म्हटलं ना."

मी लावलं. ती घसरली. "परत." परत घसरली. तिसऱ्यांदा एका कानात बोट घालून म्हटलं, थोडं सावरलं. पाचव्यांदा जोर लावायचंच सोडून दिलं, ड्रम वाजतोय तर वाजू दे अशी आपल्या आपल्यात गायला लागली. सहाव्यांदा वर पोचली. एकदा पोचली म्हणून समाधान नाही, आणखी दोनदा लावायला लावलं. घाम पुसला. मग म्हणाली, "आता शून्यावर."

"शून्यावर काहीच ऐकू येणार नाही तुला."

"तुम्ही बटण फिरवा."

बटण शून्यावर नेलं. पायाशी ठेवलेला स्पीकर मुका झाला. वाद्यं सुरू झाली, हॉल नुसता दणाणत होता, आणि तिने माझ्याकडे बघत गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. दुसऱ्या कडव्याआधी थांबली, श्वास घेतला, उतरली. वर गेली. तिथे उभी राहिली. उतरली.

मग पर्स उचलली. "दाढीकाकांना तुम्ही सांगायचं, आजच. आमच्या मास्तरांनाही. आणि सत्तावीसला आम्ही वाजवू तेव्हा तुम्ही मिक्सरवर नको." माइक तिथेच स्टँडवर सोडून गेली. आज पुसला नाही.

दाढी एक वाजता आला, त्याला सांगितलं. त्याने किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. मास्तरच्या घरीही जाऊन आलो. त्याने दारातूनच ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली, "मला माहीत आहे. जेवून घ्या."

एक लिहायचं राहिलं. डॉक्टर, सगळं लिहा म्हणालात ना? शून्यावर ती गात होती तेव्हा माझा कान एकेक सूर तपासत होता. एकही चूक सापडली नाही. आणि मी तेव्हाही, तिथे मान खाली घालून बसलेलो असतानाही, शोधत होतो.